पालक, जस्त आणि कॅडमियम: कुंड्यांच्या प्रयोगाच्या नोंदी

२३ सप्टेंबर

आज काळी माती आणली. गावाबाहेरच्या नाल्याकाठी आजींचं दोन एकर रान आहे. वरच्या पट्टीला विहिरीचं पाणी, खालच्या पट्टीला नाल्यावरचा पंप. आजींनी दोन्हीकडच्या पालकाची एकेक जुडी हातात ठेवली. "बघ पोरी, नाल्याच्या पाण्यावरचा कसा काळाभोर येतो. बाजारात बाया हाच आधी उचलत्यात."

खरंच, रुंद, गडद, रसरशीत पान. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद आयतं मिळतं, पीक माजतं. पण त्याच नाल्यात वरच्या अंगाला धातूंवर मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांचं पाणी उतरतं, आणि मुलाम्याच्या पाण्यात कॅडमियम, निकेल, क्रोमियम येऊ शकतं. ते पानात आलं तर रंगावरून ओळखू येत नाही, वासावरून नाही, चवीवरूनही नाही.

नाला बंद करणं माझ्या हातात नाही. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: झाडाला नीट खायला मिळालं तर ते कॅडमियम कमी उचलतं का? आणि कोणतं खत ते उलट वाढवतं?

माती वरच्या, विहिरीच्या पट्टीतली घेतली, वरचा १५ सेंमी थर. कॅडमियम मी स्वतः मोजून घालणार, म्हणजे किती आहे हे पक्कं माहीत राहील. आजी घमेलं पुढे करत होत्या, मी प्लास्टिकचे टब नेले होते. घमेल्याला जस्ताचा मुलामा असतो आणि मला तर जस्तच मोजायचंय. आजींना गंमत वाटली. "घमेल्याची माती लागत नाय व्हय?"

जांभी माती कोकणातून मैत्रिणीचा भाऊ पुढच्या आठवड्यात टेम्पोतून पाठवतोय.

३० सप्टेंबर

आठवडाभर वाचन. जे समजलं ते माझ्या भाषेत लिहून ठेवते, म्हणजे तोंडी परीक्षेत अडखळणार नाही.

कॅडमियमला मुळात शिरायला स्वतःची वाट नाही. झाडाला ते कशालाच लागत नाही, तेव्हा त्याच्यासाठी कुणी दार कशाला ठेवेल? ते दुसऱ्यांच्या दारांतून येतं. जस्त आणि कॅडमियम आवर्तसारणीत एकाच रकान्यात, खाणीतही जस्ताच्या खनिजाबरोबरच सापडतात. मुळाच्या पेशीवर लोह, जस्त, मंगल (मँगनीज) आत घेणारी प्रथिनं असतात, त्यांना कॅडमियम वेगळं काढता येत नाही.

इथून पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. झाडाला लोह कमी पडलं की ते मुळावर लोह घेणारी प्रथिनं वाढवतं. आयआरटी-१ हे त्यातलं प्रसिद्ध. उपाशी झाड दारं सताड उघडतं, आणि त्याच दारांतून कॅडमियम जास्त आत येतं. भातात मुख्य वाट मंगलाची आहे, प्रथिनाचं नाव एनरॅम्प-५. हे २०१२ मध्ये कळलं. जपानी शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी या भातावर आयनांचा मारा करून हे प्रथिन बिघडलेली रोपं निवडली, तर दाण्यात कॅडमियम जवळजवळ उरलंच नाही.

जपाननं यावर एवढी मेहनत का घेतली, ते जिंत्सू नदीच्या खोऱ्यात कळतं. तोयामा प्रांत. नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची खाण, खालच्या अंगाला त्या पाण्यावरची भातशेती. तिथल्या बायकांची हाडं ठिसूळ होऊन मोडायला लागली. त्या कण्हताना जे म्हणायच्या तेच आजाराचं नाव पडलं, 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ मध्ये सरकारनं मान्य केलं की हे खाणीतल्या कॅडमियममुळे झालं. रुग्णांत बहुतेक पाळी गेलेल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायका होत्या.

आणि आज दुपारी एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. माणसाच्या आतड्यात लोह शोषणारं प्रथिन भाताच्या मुळातल्या त्या एनरॅम्पच्याच कुळातलं आहे. ज्या बाईच्या अंगात लोह कमी, तिचं आतडं अन्नातलं कॅडमियम जास्त उचलतं. पंडुरोग असलेली बाई आणि जस्त-लोहाविना वाढलेला पालक, दोघींची अडचण एकच. नाल्याकाठचा पालक खाणाऱ्या घरांत पंडुरोग किती आहे हे आपल्याला नवीन नाही.

आर्सेनिकची तऱ्हा निराळी आहे, दोन ओळींत: एका रूपात ते स्फुरदाच्या वाटेनं येतं, दुसऱ्या रूपात भाताच्या सिलिकॉनच्या वाटेनं. पाणी तुंबलेल्या खाचरात ते मोकळं होतं, तर कॅडमियम अडतं. पाणी काढलं की उलट. बंगालच्या भातशेतीत हा पेच रोजचा आहे. माझ्या प्रयोगात आर्सेनिक नाही.

८ ऑक्टोबर

दोन्ही मात्या वाळवल्या, लाकडी मोगरीनं फोडल्या, नायलॉनच्या चाळणीतून काढल्या. पितळी चाळणी कपाटात ठेवून दिली. पितळेत तांबं आणि जस्तच असतं.

काळीचा सामू (पीएच, आंबटपणाचा आकडा; ७ च्या खाली आंबट) ८ च्या वर, चुन्याचे खडे हाताला लागतात, आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. जांभीचा साडेपाचच्या आसपास. डीटीपीए या धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या द्रावणात १० ग्रॅम मातीला २० मिली या प्रमाणात दोन तास हलवून उपलब्ध जस्त काढलं. आपल्याकडे किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली आलं तर जस्ताची कमतरता धरतात. काळी त्याच्या खाली आली, जांभी वर. हे अपेक्षितच होतं. चुनखडीच्या मातीत जस्त असतं, पण ते पिकाच्या हाती लागत नाही.

मार्गदर्शक सरांबरोबर आराखडा ठरला. दोन मात्या, कॅडमियम नाही किंवा किलोला १० मिलिग्रॅम, आणि चार प्रकारचं खाणं:

क – युरिया, जस्त नाही
ख – युरिया आणि जस्त
ग – अमोनियम सल्फेट, जस्त नाही
घ – युरिया, जस्त आणि गांडूळखत

प्रत्येकी तीन कुंड्या, एकूण ४८. स्फुरद आणि पालाश सगळ्यांना सारखं.

पालाशावरून सरांशी अर्धा तास चर्चा झाली. मी म्युरेट ऑफ पोटॅश लिहिलं होतं, स्वस्त आणि सगळीकडे मिळतं. सर म्हणाले, "त्यात क्लोराइड आहे. क्लोराइड कॅडमियमला धरून मातीच्या पाण्यात मोकळं ठेवतं. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यावरच्या बटाट्यात कॅडमियम वाढलं ते यामुळे." म्हणून सल्फेट ऑफ पोटॅश. त्याच कारणानं कॅडमियमही क्लोराइडचं न घेता नायट्रेटचं. पोटॅशच्या सल्फेटचा दुसरा फायदा असा की गंधक सगळ्या कुंड्यांना मिळतं. नाहीतर 'ग' ला अमोनियम सल्फेटमधून जास्तीचं गंधक मिळून फरक नत्राचा की गंधकाचा हे कळलंच नसतं. आताही 'ग' ला थोडं जास्त मिळणार, पण निदान कुणी गंधकाविना राहणार नाही.

गंधकाचा एवढा विचार का, तर आत शिरलेल्या कॅडमियमला झाड गंधकाच्या गाठीनं बांधतं. ग्लुटाथिओन या गंधक असलेल्या रेणूपासून झाड छोट्या साखळ्या बनवतं, फायटोकेलॅटिन, १९८५ मध्ये सापडलेल्या. त्या कॅडमियमला गुंडाळून पेशीच्या पोकळीत ढकलतात. गंधकाचा तुटवडा असेल तर झाडाला हे जमत नाही.

स्फुरद दुकानातल्या सुपर फॉस्फेटमधून न देता प्रयोगशाळेच्या शुद्ध क्षारातून देणार. खडकापासून बनलेल्या स्फुरदाच्या खतात कॅडमियम मुळातच असू शकतं. युरोपीय संघानं तर २०२२ पासून स्फुरदाच्या खतांवर मर्यादाच घातली आहे, किलोभर पी२ओ५ (खतातलं स्फुरद ज्या रूपात मोजतात ते) मागे ६० मिलिग्रॅम.

१४ ऑक्टोबर

कॅडमियम मिसळलं. एका कुंडीत ५ किलो माती, म्हणजे ५० मिलिग्रॅम कॅडमियम. ते मिळायला कॅडमियम नायट्रेट १३७ मिलिग्रॅम. २४ कुंड्यांचं एकदम द्रावण करून मोजून घातलं, कारण १३७ मिलिग्रॅमची चिमूट पाच किलोत सारखी पसरणं अशक्य.

हातमोजे, मुखपट्टी, जुना एप्रन. कॅडमियम कर्करोगकारक आहे. कुंड्यांच्या शेडला जाळी आणि कुलूप लावलं, शेजारच्या शेळ्या येतात म्हणून. कॅडमियमच्या कुंड्यांना लाल चिकटपट्टी, बाकीच्यांना पांढरी. कुंड्यांना खाली भोक नाही, पाणी वजनावर द्यायचं, म्हणजे निचऱ्याचं पाणी जमिनीत उतरणार नाही.

किलोला १० मिलिग्रॅम ही मात्रा मुद्दाम मोठी घेतली आहे. ज्योतीच्या यंत्रावर (नमुना ज्योतीत फवारून धातू मोजतात ते) आकडा नीट वाचता यावा म्हणून. आजींच्या रानात एवढं आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. प्रबंधात हे पहिल्या पानावर लिहायचं.

आता तीन आठवडे माती ओलसर ठेवून मुरवायची.

४ नोव्हेंबर

पेरणी. पालकाचा 'ऑल ग्रीन' वाण, बी रात्रभर भिजवलेलं. आपला देशी पालक म्हणजे खरा स्पिनॅच नव्हे, तो बीटच्या घरातला. हे मला पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. एका कुंडीत दहा बिया, विरळणीनंतर पाच रोपं.

जस्त दिलेल्या कुंड्यांत किलोला ५ मिलिग्रॅम या हिशेबानं कुंडीला ११० मिलिग्रॅम झिंक सल्फेट.

गांडूळखताचा विषय निघाला तेव्हा मामा (आमच्या प्रयोगशाळेचे, तीस वर्षं इथेच आहेत) म्हणाले, "ताई, खतातूनच कॅडमियम आलं तर?" फार योग्य शंका. घरी येऊन हिशेब मांडला. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम. हेक्टरी ५ टन टाकलं आणि खत अगदी मर्यादेवर असलं तर रानात २५ ग्रॅम कॅडमियम गेलं. झिंक सल्फेटला मर्यादा ०.००२५ टक्के, म्हणजे किलोला २५ मिलिग्रॅम. ऐकायला पाचपट, पण ते हेक्टरी २५ किलोच टाकतात. म्हणजे जास्तीत जास्त ६२५ मिलिग्रॅम, एक ग्रॅमही नाही. घातक काय हे किलोमागच्या आकड्यावरून ठरत नाही, रानात किती पडतं त्यावरून ठरतं. आमचं गांडूळखत आमच्याच आवारातल्या पालापाचोळ्याचं आहे, तरी उद्या नमुना तपासायला लावते.

१० नोव्हेंबर

उगवण सगळीकडे चांगली. कॅडमियमच्या आणि बिनकॅडमियमच्या कुंड्यांत आज काहीही फरक नाही. बी स्वतःच्या शिदोरीवर उगवतं.

१९ नोव्हेंबर

आजचा दिवस डोळ्यांनी बघण्याचा. सकाळी सातला शेडमध्ये गेले, उन्हं तिरपी असताना पानाचा रंग खरा दिसतो.

जांभीतल्या 'ग' च्या लाल पट्टीच्या तिन्ही कुंड्या सगळ्यात वाईट. रोपं बोटभर उंचीची, नवी पानं फिकट, शिरा हिरव्या आणि शिरांमधली जागा पिवळी. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळलेल्या. एक जादा रोप उपटून पाण्यात हळूच धुतलं. मूळ आखूड, जाड, टोकाला तपकिरी, आणि बारीक पांढऱ्या मुळ्यांचा जो झुपका असायला हवा तो नाहीच. शेजारच्या पांढऱ्या पट्टीच्या कुंडीतलं रोप धुतलं तर पाण्यात दाढीसारखा झुपका पसरला. दोन्ही काळ्या कागदावर शेजारी ठेवून फोटो काढला.

अमोनियमच्या रूपातला नत्र घेताना मूळ बाहेर आम्ल सोडतं, आणि अमोनियमचं मातीत नायट्रेट होतानाही आम्ल तयार होतं. जांभी आधीच आंबट, तिला हे सोसत नाही. सामू उतरला की मातीच्या कणांना चिकटलेलं कॅडमियम सुटतं. काळ्या मातीत तेच अमोनियम सल्फेट, पण 'क' आणि 'ग' मध्ये मला डोळ्यांनी फरक दिसत नाही. चुनखडी आम्ल गिळून टाकते.

एका ठिकाणी मी फसणार होते. काळीतल्या 'क' च्या लाल कुंड्या पिवळसर दिसल्या आणि वहीत 'कॅडमियमची बाधा' असं लिहूनही टाकलं. मग पांढऱ्या पट्टीच्या 'क' कडे पाहिलं. त्याही पिवळसर! कॅडमियमचा थेंब नसताना. ती जस्ताची भूक आहे. कॅडमियमची बाधा बरेचदा लोहाच्या किंवा जस्ताच्या कमतरतेसारखीच दिसते, कारण कॅडमियम त्यांचीच जागा अडवतं. शेजारी कोरी कुंडी नसती तर मी चुकीचं लिहून मोकळी झाले असते. आधीची ओळ खोडली नाही, वर एक रेघ मारून तारीख घातली.

२८ नोव्हेंबर

काल रात्री अवकाळी पाऊस. विजा, वारा, दोन तास झोड. शेडच्या जाळीला काही झालं नाही. कुंड्यांत पाणी जास्त झालं ते वजनावर कळलं, दोन दिवस पाणी द्यायचं नाही.

३ डिसेंबर

काळीतल्या 'क' च्या सहा कुंड्यांपैकी दोन अचानक हिरव्या झाल्या आहेत. एक लाल, एक पांढरी. बाकीच्या चार आहेत तशा फिकट. तीन दिवस विचार करतेय. खत चुकून दिलं? नोंदी तपासल्या, नाही. चिठ्ठ्या बदलल्या? नाही.

आज मामांनी दाखवलं. दोन्ही कुंड्या पहिल्या रांगेत, पडवीच्या पत्र्याच्या कडेखाली. पाऊस थेट कुंड्यांवर पडला नव्हता, पत्र्यावरून ओघळून पडला होता. आणि पत्रा जस्ताचा. मी घमेलं नाकारलं, चाळणी बदलली, झारी प्लास्टिकची आणली, आणि डोक्यावरचा पत्रा पाहिलाच नाही. चूक माझी. शेडची जागा मीच निवडली होती.

मामांनी पडवीच्या पन्हळीखालच्या बादलीत साठलेलं पाणी बाटलीत भरून ठेवलंच होतं. (ती बादली प्लास्टिकची, विचारून घेतलं.) दुपारी यंत्रावर लावलं. जस्त भरपूर निघालं.

संध्याकाळी सरांकडे गेले तेव्हा आवाज जड झाला होता. पहिल्या रांगेत आठ कुंड्या आहेत. सर म्हणाले, "आठही कुंड्या मुख्य हिशेबातून काढ. फेकू नकोस. त्यांची वेगळी नोंद ठेव, त्या तुला काहीतरी सांगतील." उरलेल्यांत प्रत्येक प्रकाराच्या किमान दोन कुंड्या शिल्लक राहतात, मोजून पाहिलं. कमी आहे, पण काम अडणार नाही. पत्र्याला आतून प्लास्टिक ताणून बसवलं.

१८ डिसेंबर

कापणी, पेरणीपासून चव्वेचाळिसावा दिवस.

पानं आधी साध्या पाण्यात, मग अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, मग ऊर्ध्वपातित पाण्यात दोनदा. वरची धूळ आणि आतलं कॅडमियम यांत गल्लत होऊ नये. शिशाच्या बाबतीत तर हे फारच लागतं. शिसं मुळातून पानापर्यंत कमीच चढतं, रस्त्याकडेच्या भाजीवर ते बहुतेक धुळीतून बसतं. घरी भाजी खळखळून धुतली तर शिसं बरंचसं जातं, कॅडमियम जात नाही. ते पानाच्या आत आहे.

काळीतल्या 'घ' च्या कुंड्यांतला पालक बघण्यासारखा आला होता. मामांनी पांढऱ्या पट्टीच्या कुंड्यांकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, ह्यात तर काही घातलं नाही. ही भाजी न्यावी का घरी?" त्यांची सून गरोदर आहे, तिला पालक द्या असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी नाही म्हटलं. एकाच शेडमधल्या कुंड्या, एकाच टेबलावर हाताळलेल्या. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि दहा-दहा, वीस-वीस वर्षं तिथून हलत नाही. येताना मंडईतून मेथीच्या आणि पालकाच्या जुड्या घेतल्या आणि मामांच्या घरी देऊन आले. त्या कुठल्या पाण्यावरच्या हे भाजीवालीला विचारायचं सुचलं, पण तिला तरी काय माहीत असणार.

पानं आणि मुळं वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत, ६५ अंशांवर भट्टीत.

७ जानेवारी

चार दिवस डायजेशन, म्हणजे वाळलेली पानं-मुळं आम्लात विरघळवणं. नायट्रिक आणि परक्लोरिक आम्ल, धूरकपाट, पांढरा धूर निघेपर्यंत. प्रत्येक खेपेला दोन कोऱ्या बाटल्या (नमुना नाही, नुसतं आम्ल). पहिल्या खेपेच्या कोऱ्या बाटलीत जस्त आलं, म्हणून ती अख्खी खेप पुन्हा केली.

१७ जानेवारी

यंत्रावर दोन दिवस. कॅडमियमचा दिवा, २२८.८ नॅनोमीटर. ज्योत निळी, आवाज पंख्यासारखा. मामा नमुने पुढे सरकवत होते, मी आकडे वाचत होते.

पांढऱ्या पट्टीच्या पानांत ज्योतीला काही दिसलं नाही. तिथे शून्य लिहायचं नाही, 'मापनमर्यादेखाली' असं लिहायचं.

लाल पट्टीच्या पानांत ग्रॅममागचं कॅडमियम असं उतरलं: सगळ्यात जास्त जांभीच्या 'ग' मध्ये, मग जांभीचे 'क' आणि 'ख', त्यांच्या खाली जांभीचा 'घ'. काळीतले सगळेच या चौघांच्या खाली. काळीत 'क' आणि 'ग' जवळजवळ सारखे, 'ख' स्पष्ट कमी, 'घ' त्याहून थोडा कमी. जांभीत जस्त दिल्यानं फरक पडला पण बेताचा, तिथे जस्ताची टंचाई मुळात नव्हतीच.

मुळांत कॅडमियम पानांपेक्षा जास्त. रोप जमेल तेवढं खालीच अडवून ठेवतं.

रात्री अकरापर्यंत खूप आनंदात होते. काळ्या मातीत जस्त घातलं, कॅडमियम घटलं! दक्षिण ऑस्ट्रेलियात जस्ताची फार टंचाई असलेल्या रानांत गव्हाला जस्त दिल्यावर दाण्यातलं कॅडमियम निम्म्यापर्यंत उतरलं होतं, माझा कल त्याच बाजूचा.

मग कुंडीतल्या एकूण कॅडमियमचा हिशेब केला. ग्रॅममागचा आकडा गुणिले कोरडं वजन. काळीतल्या 'क' आणि 'ख' चा एकूण आकडा जवळपास सारखा निघाला.

म्हणजे असं: समजा एका रोपाचं कोरडं वजन १ ग्रॅम आणि त्यात ३० मायक्रोग्रॅम कॅडमियम. दुसऱ्याचं वजन २ ग्रॅम आणि ग्रॅमला १५. दोघांनी मातीतून उचललं तेवढंच, ३०. दुसऱ्यात ते जास्त पानांत वाटलं गेलं, जसं तेवढंच मीठ मोठ्या पातेल्यात घातलं तर आमटी अळणी लागते. तेव्हा काळ्या मातीत जस्तानं दार अडवलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. जस्तानं रोप वाढवलं, आणि वाढलेल्या रोपात कॅडमियम पातळ झालं, निदान बरंचसं तरी. जांभीत मात्र जस्तानं वजन फार वाढलं नाही आणि तरी ग्रॅममागचं आणि एकूण, दोन्ही आकडे थोडे उतरले. तिथे दारातली चढाओढ असावी. दोन-दोन कुंड्यांवर यापेक्षा जास्त म्हणणार नाही.

खाणाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर पातळ होणंही उपयोगाचंच, माणूस पालक जुडीनं खातो, कुंडीनं नाही. पण दोन्ही कारणं वेगळी आहेत आणि प्रबंधात वेगळीच लिहायला हवीत.

पावसात भिजलेल्या त्या दोन कुंड्या: पानात जस्त 'क' च्या इतर कुंड्यांपेक्षा जास्त, वजन जास्त, आणि लाल पट्टीवालीत ग्रॅममागचं कॅडमियम कमी. सर म्हणाले होते तसंच.

१८ जानेवारी

काल आनंदात एक गोष्ट पाहायची राहिली. पालेभाजीसाठी आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम, तीही ओल्या भाजीत. पालकात नऊ दशांश पाणी, म्हणून माझे कोरड्या वजनाचे आकडे दहानं भागले. सगळ्यात चांगली कुंडी, काळीतला 'घ', रुंद गडद पानांचा, मामांना घरी न्यावासा वाटलेल्या पालकाचा लाल पट्टीवाला जोडीदार, तोही मर्यादेच्या बराच वर.

रोप निरोगी होतं. खाणं नीट मिळालं, गंधक मिळालं, त्यानं कॅडमियम बांधून पोकळीत ठेवून दिलं आणि स्वतः छान वाढलं. झाडाला बाधतं त्याच्या कितीतरी खाली माणसाला बाधतं. हे मी वाचलं होतं, पण ते पान हातात धरून कळणं वेगळं.

२५ जानेवारी

आजींकडे गेले. अंगणात चहा झाला, मग त्यांनी सरळ विचारलं, "मग आता मी काय घालू रानात?"

जेवढं ठाम सांगता येतं तेवढंच सांगितलं. वरच्या पट्टीच्या मातीत जस्त कमी आहे हे तपासणीत आलंय, तिथे झिंक सल्फेट घाला, सांगितलेल्या मात्रेतच, दरवर्षी उगाच नाही. खालच्या पट्टीची माती अजून तपासलेली नाही, तिचं आज काही सांगत नाही. शेणखत, कंपोस्ट चालू ठेवा, शहरातलं कंपोस्ट विकत घेतलं तर तपासणीचा कागद मागा. तुमची माती चुनखडीची आहे, ती बरंच धरून ठेवते, हे तुमचं नशीब. कोकणातल्या मातीत हेच पाणी दिलं असतं तर पालकानं जास्त उचललं असतं.

"आणि नाल्याचं पाणी?"

खत घालून तेच पाणी देत राहिलं तर दर वर्षी मातीत थोडं थोडं साचत जातं, आणि कॅडमियम कुजत नाही, उडून जात नाही. विहिरीचं पाणी पुरतं तेवढ्या जागेत पालेभाजी करा, नाल्याच्या पाण्यावर फुलं घेता येतील का ते बघा. आजी बराच वेळ गप्प होत्या. विहीर फेब्रुवारीत तळाला जाते. झेंडूला गणपती-दसऱ्यात भाव मिळतो, पालकाला रोज गिऱ्हाईक असतं. हे सगळं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

शेवटी म्हणाल्या, "खालच्या पट्टीची माती घेऊन जा. आधी आमच्या रानात किती हाय ते तरी सांग."

३० जानेवारी

लाल पट्टीच्या २४ कुंड्यांची माती आणि उरलेली मुळं झाकणाच्या पिंपांत भरली. पिंपावर नाव, तारीख, मात्रा लिहिली. घातक कचरा उचलणाऱ्यांची गाडी येईपर्यंत पिंपं कुलूपबंद खोलीत.

कुंड्या आम्लानं धुवून उन्हात पालथ्या घातल्या. शेड पडवीपासून दूर, चिंचेच्या पलीकडे हलवली, वर फक्त शेडनेट.

खालच्या पट्टीची माती आज आली, तीन गोणी, टबमधून भरलेली. आजींनी स्वतः प्लास्टिकचा टब आणून भरली होती. या वेळी कॅडमियम घालायचं नाही, जे आहे तेच मोजायचं. ज्योतीला ते दिसणार नाही बहुधा, ग्रॅफाइट भट्टीचं यंत्र असलेल्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलंय. चारच प्रकार: नुसती माती, जस्त, कंपोस्ट, दोन्ही. प्रत्येकी सहा कुंड्या.

बी रात्री भिजत घातलं.